तेल पाजलेल्या मुठी

१७ फेब्रुवारी २०१९, रविवार

सकाळी आमच्या ह्यांच्या, साहेबरावांच्या चुलतभावाचा मुलगा अजिनाथ करमाडहून आला. पाठीवर एवढी लांब पिशवी की मला वाटलं, हा आता एखादं वाद्य शिकायला लागला. आतून गोल्फच्या काठ्या निघाल्या. चौदा.

"काकू, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायच्या ना?"

"शिकवायचे. तू त्यात नापास झाला होतास."

"व्हय. म्हणून तर आलो."

शेंद्र्याच्या पुढं माळावर कुणा बिल्डरनं गोल्फचं मैदान केलं आहे. कारखान्यांतले मोठे साहेब रोज सकाळी तिथं खेळतात. अजिनाथ तिथं बेक साहेबांच्या काठ्या वाहतो, पुसतो, सांभाळतो. बेक साहेब कोरियाचे. ते गावी गेले आहेत, एप्रिल संपता संपता येतील. जाताना म्हणाले, माझ्या काठ्यांची चांगली निगा राख. अजिनाथनं राखली. त्याच्या घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. मेंढपाळाच्या काठीची निगा म्हणजे तिला करडईचं तेल पाजायचं, उन्हात ठेवायची, पुन्हा पाजायचं. त्याच्या वडिलांची, पुंजारामभावजींची काठी अशीच काळी कुळकुळीत झालेली आहे. अजिनाथनं त्याच प्रेमानं चौदाही मुठींना तेल पाजलं आणि काठ्या पत्र्यावर उन्हात मांडल्या.

मुठी रबराच्या आहेत.

"रबराला तेल, अजिनाथ?"

"काठी ती काठी, काकू. कोरियाची काठी तेल पीत नाय हे मला काय म्हाईत?"

"पीत नाही असं नाही. प्यायलीय. तेच तर झालंय."

धरून पाहिली. मुठीवर बारीक नक्षी आहे, हात सरकू नये म्हणून. ती तेलानं आणि मळानं बुजली आहे. वरून चकाकी, आतून किंचित फुगीर, स्पर्श धुतलेल्या भेंडीसारखा. मी म्हटलं, नव्या मुठी बसवून आण. तो म्हणाला, दुसरे साहेब बदलतात, बेक साहेब बदलू देत नाहीत. ह्याच मुठी त्यांच्या हाताला बसल्या आहेत. नवी मूठ ते पिशवीतून काढायच्या आत ओळखतील.

मग मुद्द्याचं बोलला. जमीन एमआयडीसीत गेलेली. चारा नाही म्हणून पुंजारामभावजी मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेले. हे काम आहे म्हणून अजिनाथ, बायको आणि ज्ञानेश्वरी गावात आहेत. काम गेलं तर तिघंही मेंढरांमागं.

"ज्ञानेश्वरी कितवीत?"

"पयलीत. पाट्या वाचती आता. दुकानाच्या, ट्रकच्या, समद्या."

म्हणजे हिशेब सरळ आहे. मुठी सुधारल्या नाहीत तर त्या पोरीची शाळा सुटेल. मी पिशवी ठेवून घेतली, पण अट घातली: साहेब आले की झालेलं सगळं त्यानं स्वतः सांगायचं.

"काकू! मग साफ करून फायदा काय?"

"कबूल करायला जाताना हातात काहीतरी असलं पाहिजे."

साहेबराव कॉटवरून ऐकत होते. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर आधीपेक्षा तेज झाली, डावा हात मात्र नुसता शेजारी ठेवल्यासारखा असतो. म्हणाले, "मास्तरीणबाई, रिटायर होऊन दहा वर्षं झाली. आता काठ्यांची शिकवणी."

१८ फेब्रुवारी, सोमवार

बीएस्सीला रसायनशास्त्र घेऊन शेहेचाळीस वर्षं झाली. आठवेल का, ही धाकधूक होती. आठवलं. तेल तेलकटात मुरतं. वरचं तेल साबणानं जाईल. आत मुरलेलं ओढून काढावं लागेल, आणि वरचा चकाकणारा थर खरवडावा लागेल.

शेजारच्या आवडाबाई कठड्यावरून म्हणाल्या, "बाई, रॉकेलनं पुसा की. समदं निघतंय."

समदं निघेल, मूठसुद्धा. रॉकेलनं रबर फुगतं. त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि "तरी पण पुसून बघा" म्हणून गेल्या.

एक काठी तशीच तेलकट ठेवायची ठरवली, तुलनेसाठी. तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला. तुलनेला काही ठेवलं नाही तर सुधारणा झाली हे कशावरून म्हणणार? हे वर्गात ओरडून ओरडून माझा घसा गेला.

पाण्याचा प्रश्न आहे. नळ आठवड्यातून एकदा, मधल्या दिवसांत टँकर. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी बाजूला काढलं आणि त्यातच मुठी धुतल्या. भांड्याचा साबण, जुना दाताचा ब्रश. ते पाणी पुन्हा संडासाला. गोल्फच्या काठ्यांसाठी पिण्याचं पाणी खर्च केलं असं कुणी म्हणायला नको.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

तेराही धुऊन झाल्या. सावलीत वाळवल्या. हाताला छान लागतात.

मळ निघाल्यावर खालचा माणूस दिसायला लागला. प्रत्येक मुठीवर एकाच ठिकाणी अंगठ्याचा खळगा आहे. एका बाजूला नक्षी पार पुसली गेली आहे, दुसरीकडे कोरी. हे गृहस्थ फार आवळून धरत असले पाहिजेत. मी म्हटलं, "हा माणूस भित्रा आहे. हातातून काही सुटेल ही भीती."

साहेबराव म्हणाले, "नाहीतर घरी बायको कडक असंल."

२४ फेब्रुवारी, रविवार

फजिती. अजिनाथ एक काठी मैदानावर करून बघायला घेऊन गेला होता. त्याच्यासारखाच काठ्या वाहणारा हनुमान म्हणून आहे, त्यानं जोरात फिरवली आणि काठी हातातून सुटून रोलरपर्यंत गेली. कुणाला लागली नाही.

"बॉल तिथंच, काकू. काठी गेली."

मी ती पुन्हा धरली. मला पक्की वाटते. अजिनाथलाही वाटते. मग सुटली कशी?

संध्याकाळी लक्षात आलं. धडधाकट हात लबाड असतो. वस्तू निसरडी लागली की तो न सांगता जास्त आवळतो, आणि आपल्याला वाटतं मूठ चांगली आहे. जोरात फिरवताना हे ढोंग टिकत नाही. म्हणजे माझ्या हाताची साक्ष उपयोगाची नाही. मोजायला काहीतरी वेगळं हवं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

दोन गोष्टी घडल्या.

फिजिओथेरपीची मुलगी प्रेरणा आली होती. तिनं साहेबरावांच्या डाव्या हातात रबरी चेंडू दिला. "आजोबा, दाबा." त्यांनी चेंडू कॉटखाली घरंगळू दिला. "हे लेकराचं खेळणं आहे. मी तीस वर्षं जायकवाडीच्या कालव्यावर पाणी मोजलं. मला चेंडू देताय?" ती पोरगी रडवेली झाली. मी तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस, हे करणार नाहीत आणि तुझा वेळ जातो. चेंडू राहू द्या म्हणाली. राहिला, कॉटखालीच. मी साहेबरावांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. तासभर बोलले.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. भांडणात ते उठायला लागले आणि वाटेत टेकवलेली लाल दोऱ्याची काठी त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारायला घेतली. ती सुर्रकन निसटून पडली. तिच्यामागची धुतलेली काठी घेतली, ती क्षणभर टिकली, मग निसटली.

क्षणभर टिकली! तो हात आवळू शकत नाही, म्हणून तो ढोंगही करू शकत नाही. मूठ जेवढी पकड देईल तेवढीच दाखवेल. असं उपकरण विकत मिळणार नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार

साहेबरावांना विचारलं. मला वाटलं, रागावतील. उलट ताठ बसले.

"मोजायचं म्हणता? मग नीट मोजा. मला सांगायचं नाही कोणती काठी आहे. मी डोळे मिटणार. रोज एकाच खुर्चीत, चहानंतर, हात कोरडा. आधी पट्टी वाचायची, अंदाज मागून. कालव्यावर पोरं उलटं करायची, म्हणून पाणी चोरीला जायचं."

पद्धत ठरली ती अशी. खुर्चीवर बसून डावा हात खाली सोडायचा. मूठ हातात, काठीचं डोकं खाली, त्याला ज्वारीची लहान पिशवी लटकवलेली. खाली गोधडीची घडी. मूठ सरकून काठी पडेपर्यंत किती वेळ, ते मोजायचं. घड्याळ बघत बसले तर काठीकडे लक्ष राहत नाही. म्हणून मी मूलद्रव्यं म्हणते, क्रमानं, एका लयीत. नववीच्या वर्गात वर्षानुवर्षं म्हणून घेतली आहेत, लय चुकत नाही.

आजची नोंद: लाल दोरा, बेरिलियम, म्हणजे चौथ्याला पडली. साबणानं धुतलेली, कार्बन, सहाव्याला.

म्हणजे साबणानं फरक पडला, पण थोडा.

४ मार्च, सोमवार

डाळीच्या पिठाचा लेप करून पाहिला. पीठ तेल ओढतं. बोरॉन. वाया गेलं, पिठाचे कण नक्षीत अडकले. मुलतानी माती लावली, रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवली, सकाळी ब्रशनं झाडली. नायट्रोजन. ही चालेल.

साहेबरावांनी विचारलं, "आज काय आलं?"

"नायट्रोजन."

"चांगलं का वाईट?"

"कार्बनपेक्षा बरं."

"मग हवेत आलो आपण," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी विनोद केला. विनोद बेताचा होता.

१० मार्च, रविवार

मैदान पाहून आले. करमाडपर्यंत बसनं, पुढं अजिनाथच्या मोटरसायकलवर. खेळ काय आहे हे कळल्याशिवाय मुठीला काय सोसावं लागतं ते कसं कळणार?

हिरवळ म्हणून काही उरलेलं नाही. पिवळा माळ आणि मध्ये गोल चॉकलेटी चकत्या. चेंडू घालायचं भोक त्या चकतीत. पाणी नाही म्हणून गवताऐवजी रेती अंथरली आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवून रोलर फिरवलेला. मी वाकून चिमूट घेतली, वास घेतला. अजिनाथ म्हणाला, "बघा काकू. इथं मातीलासुदिक तेल पाजतेत. मह्या काठीनं काय पाप केलं?"

मी ती चिमूट झटकली आणि बोटं रुमालाला पुसली.

मी एकदा फिरवून पाहिली. चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा धूळ उडाली. तिसऱ्यांदा चेंडू गेला, कुठं ते दिसलं नाही, पण आवाज सुंदर आला. हनुमान म्हणाला, "आजीबाई, तुमचा हात बसलाय." मी त्याला सांगितलं, बाई म्हण. काठी फिरताना मूठ तळहातात पिळवटते, हे समजलं. ओढ नुसती खाली नसते, पीळही असतो. नक्षी जिथं पुसलेली आहे ती जागा त्यामुळंच.

घरी साहेबरावांनी सगळं विचारून घेतलं. कशी धरतात, कोणतं बोट कुठं. मी काठी देऊन दाखवलं. बराच वेळ त्यांनी ती मांडीवर धरून ठेवली होती.

१४ मार्च, गुरुवार

झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं एक मूठ हलक्या हातानं घासली. जोर केला तर नक्षीच जाईल. चकाकीचा थर गेला, खालचं रबर काळं, कोरडं निघालं. मग स्पिरिटच्या बोळ्यानं एकदा पुसली.

सोडियम!

दोनदा मोजलं. सोडियमच. रीत सापडली: साबण, मुलतानी माती, पॉलिश पेपर, स्पिरिट. ह्याच क्रमानं.

१९ मार्च, मंगळवार

रोज एक-एक मूठ करते आहे. साहेबराव फार वेळ खातात. मोजून झालेली काठी पुन्हा मागतात. "मघाची द्या. माझं लक्ष नव्हतं." लक्ष कशाला लागतं? पण कालव्यावरचा माणूस, तीनदा वाचल्याशिवाय आकडा लिहीत नाही. मी देते. वाद घालण्यापेक्षा लवकर होतं.

२९ मार्च, शुक्रवार

साहेबरावांनी सकाळी पेपर वाचून दाखवला. जायकवाडी मृतसाठ्यात चाललं. पूर्वी रोज पाण्याची पातळी वाचून दाखवायचे, दिवाळीपासून बंद होतं. पेपर उघडून धरला आणि ठणठणीत आवाजात ते टक्के वाचले. वाईट बातमी. टँकर आता आणखी उशिरा येणार. धुण्याचं पाणी अर्धं केलं.

तीन मुठी आज फॉस्फरसला पोचल्या. पॉलिश पेपर गोल न फिरवता एकाच दिशेनं ओढायला लागल्यापासून फरक आहे.

६ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी उभारली. मी गच्चीच्या कठड्याला सुतळीनं बांधेपर्यंत साहेबरावांनी काठी धरली. सुतळीला गाठ बसेना, मी खूप चिडले. जुनी सुतळी कुजली आहे.

आज मोजणी नाही, सणाचा दिवस. ते "एखादी तरी" म्हणत होते. नाही म्हटलं.

१३ एप्रिल, शनिवार

कैरीचं लोणचं घातलं. मोठ्या बरणीचं झाकण सैल झालं आहे. मी उघडायला फडकं शोधत होते तोवर साहेबरावांनी उघडून ठेवलं होतं. बरणी बदलायला हवी, नाहीतर बुरशी येईल.

तेराही मुठी पूर्ण. सगळ्या क्लोरीनच्या पुढं. दोन तर विसाव्या, कॅल्शियमपर्यंत. मूळच्या बेरिलियमपासून कॅल्शियम! मला स्वतःला शाबासकी द्यायची सवय नाही. पण पॉलिश पेपरची दिशा बदलणं ही कल्पना माझी होती, तेवढं नोंदवते.

अजिनाथ येऊन सगळ्या धरून गेला. "काकू, हात चिटकतोय आता!" ज्ञानेश्वरीला सोबत आणलं होतं. तिनं आमच्या फाटकावरची पाटी वाचली, मग माझ्या टेबलावरचा तक्ता वाचायला लागली. "हा-य-ड्रो-जन म्हंजी काय?" पहिलीतली पोर! तिला सांगितलं, पाण्यात असतो तो. "मग आमच्याकडं नाय," म्हणाली.

२५ एप्रिल, गुरुवार

स्वयंपाक राहिला आहे, आधी हे लिहिते.

येत्या रविवारी बेक साहेब येतात. शेवटची तपासणी म्हणून आज सगळ्या काठ्या एका बैठकीत मोजल्या. लाल दोऱ्याचीही मध्येच कुठंतरी दिली, साहेबरावांना न सांगता. तिला इतक्या आठवड्यांत हात लावला नव्हता. बेरिलियमलाच पडणार हे माहीतच होतं, म्हणून मोजली नव्हती.

कॅल्शियम.

मला वाटलं, दोरा चुकून दुसऱ्या काठीला बांधला. नाही. मूठ तशीच चकाकती, निसरडी. पुन्हा दिली. पुन्हा कॅल्शियम.

जिला काहीच केलं नाही, ती तेवढीच टिकते. म्हणजे दोन महिन्यांच्या माझ्या साबण-माती-कागदाचा काही उपयोग झाला हे कशावरून? तक्त्यातला एकही आकडा आता धरता येत नाही. आणि मी त्या पोराला खात्री दिली. रविवारी काठी साहेबांच्या हातातून सुटली तर? अजिनाथ मेंढरांमागं जाईल आणि ती मुलगी ट्रकच्या पाट्याही विसरेल.

साहेबराव डोळे उघडून म्हणाले, "काय झालं, बाई? कुठपर्यंत?"

"चहा ठेवते" म्हणून मी आत गेले.

२६ एप्रिल, शुक्रवार

दुसरा उपाय काढला. माझ्याच हाताचा अंगठा आणि करंगळी, एवढ्या दोनच बोटांनी धरायचं. त्यांत आवळायला जोर नसतो. लाल दोरा लगेच निसटला. बाकी तेराही टिकल्या. आवडाबाईंना बोलावून त्यांच्याही दोन बोटांनी धरून घेतलं. "बाई, हे कसलं खूळ?" म्हणत का होईना, तेच निघालं.

म्हणजे मुठी सुधारल्या आहेत, हे नक्की. देवा, बरं झालं.

मग काल लाल दोरा साहेबरावांच्या हातातून लगेच का पडला नाही? उन्हाळ्यानं तळहात कोरडा झाला म्हणावं, तर माझाही कोरडा आहे. डोळे किलकिले करून पाहिलं म्हणावं, तर पाहून पकड वाढत नाही. ज्वारीची पिशवी उंदरानं कुरतडून हलकी झाली का? पाहिली. नाही. दोष उपकरणात आहे एवढं कळतं. रविवार होऊ दे, मग शोधते.

तेरा चांगल्या आणि एक तेलकट, अशाच्या अशा अजिनाथला दिल्या. तेलकटही दाखवायची म्हणून बजावलं. लपवाछपवी नको.

२८ एप्रिल, रविवार

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. भाजी करपली. साहेबरावांनी मुकाट्यानं खाल्ली, हेही विशेषच.

चारच्या सुमारास मोटरसायकलचा आवाज आला. अजिनाथ आत येऊन जमिनीवरच बसला.

"सांगितलं का?" मी.

"सांगितलं. म्हटलं, सर, आय गिव्ह ऑइल. ते म्हणले, व्हाय? आता व्हायचं काय सांगू? म्या बापाची घरातली जुनी काठी गाडीला बांधून नेलती. ती हातात दिली. म्हटलं, सर, धिस, फादर, ऑइल. लई वेळ बघितली त्यांनी. वास घेतला. गालाला लावली."

"आणि मुठी?"

"एकेक काढून मारली. मव्हा जीव अर्धा झालता. मग तुमची ती लाल दोऱ्याची आली. ती फिरली हातात. मला वाटलं, गेलं आता. म्या घाईघाईनं म्हटलं, सर, ही एक्झामिनेशनची आहे, मॅडमनी ठिवायला लावली. दुभाष्या होता, त्यानं समजावून सांगितलं. तवा साहेब एवढे हसले! म्हणले, परीक्षा झाली, आता हीपण धुऊन आणा. अन् म्हणले, उद्या सहाला ये. रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखं म्हणाले?"

"व्हय. रोजच्यासारखं."

साहेबराव मागून म्हणाले, "मग रडतो कामून?"

"नाय रडत, नाना. धूळ हाय."

लाल दोऱ्याची काठी ठेवून गेला. सोबत दुसऱ्या एका साहेबांची आख्खी पिशवी. ह्या मुठी तेलाच्या नाहीत, नुसत्या घामाच्या आणि मळाच्या. घामाचं रसायन वेगळं. पुस्तक काढायला हवं.

२ मे, गुरुवार

आज टँकर सकाळीच आला. मी खाली हौदाचं झाकण काढून बाजूला ठेवायला गेले, तेवढ्यात आवडाबाई वरून ओरडल्या, "बाई, या सावकाश. भाऊंनी पाईप धरलाय."

टँकरचा पाईप उसळ्या घेतो. मला दोन्ही हात लागतात, तरी साडी भिजते. साहेबराव हौदाशी उभे होते. उजवा हात भिंतीला. पाईप डाव्या हातात.

मी झाकण तसंच हातात धरून उभी राहिले. टँकर गेला.

चहानंतर लाल दोऱ्याची काठी धुवायला घेतली. आधीचा आकडा घेतल्याशिवाय धुवायचं नाही हा नियम. त्यांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं, ती तेलकट, निसरडी मूठ डाव्या हातात दिली, खाली पिशवी लटकवली. आणि या वेळी मुठीकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. मनगटावर शीर उभी होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

हायड्रोजन, हेलियम, लिथियम. सोडियम गेलं. क्लोरीन गेलं. आर्गॉन, पोटॅशियम, कॅल्शियम. मी थांबले.

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "पुढं?"

"पुढचं शाळेत नसतं."

"नसू द्या. म्हणा."

स्कँडियम, टिटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम. लोखंड. तांबं. झिंकनंतर मला क्रम आठवेना. काठी हातातच होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाडव्याच्या आधीपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही रोज मुठीचं विचारायच्या. हाताचं कुठं विचारलं?"

मी काठी काढून घ्यायला गेले. त्यांनी सोडली नाही. दोनदा ओढली. हसत होते. शेवटी मीच सोडली आणि आत जाऊन भांडी लावली. पुष्कळ भांडी लावली.

नोंद: साहेबरावांचा डावा हात मोजणीसाठी निकामी झाला. नव्या पिशवीसाठी दुसरी रीत शोधावी लागेल. तोवर दोन बोटांवर भागवायचं.

उद्या प्रेरणाला फोन करायचा. चेंडू कॉटखाली आहे, तो घेऊन जा म्हणायचं. आणि चहाला थांब म्हणायचं.